घर बदलताना मासे: पिशवीत की बादलीत?

पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. ऑक्सिजन भरून मिळाला तर मासे बराच वेळ तग धरतात. पण पाणी थोडं, म्हणून ते लवकर तापतं किंवा गारठतं. छोटे मासे कोपऱ्यात अडकून चेंगरतात. कोपरे दुमडून चिकटपट्टी लावाच. काटेरी कॅटफिश तर पिशवीच भोसकतात.

झाकणाची बादली जड, पण तापमान टिकतं आणि बॅटरीवरचा एअर पंप लावता येतो. साबण कधीच न लागलेली हवी.

दोन्हीत पाणी माशांच्या टाकीतलंच, आदल्या दिवशी खाणं बंद. फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात ओला ठेवा; त्यातले जिवाणू माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवतात, ते मेले तर नव्या घरी तो वाढतो.

मोजके छोटे किंवा भांडखोर मासे असतील तर वेगवेगळ्या पिशव्या, थर्माकोलच्या खोक्यात. मोठे मासे आणि स्वतःची गाडी असेल तर बादलीच.