पैसे भरून घ्यायचं ऑरोरा अलर्ट ॲप: खान्देशात राहणाऱ्याने घ्यावं का?

पाचपैकी दोन तारे. ऑरोरा म्हणजे ध्रुवाकडच्या आभाळात रात्री दिसणारा रंगीत उजेड. तो बघायला नॉर्वे-आइसलँडला निघालेल्याला हे ॲप उपयोगी पडेल. मी लिहितोय रावेर तालुक्यातून. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाईट बऱ्याचदा रात्रीचीच असते. केळीला पाणी चालू करून बांधावर बसलं की वर आभाळ मोकळं. त्या आभाळाच्या ओढीने मी वर्षाची वर्गणी भरून हे ॲप घेतलं.

चांगलं आधी सांगतो. सौरवाऱ्याचा (सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताचा) वेग आणि 'बीझेड' यांचे आलेख सुरेख आहेत, मळ्यात एक काडी रेंज असली तरी उघडतात. हे आकडे पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर सूर्याच्या बाजूला असलेल्या उपग्रहांकडून येतात. त्यामुळे चुंबकीय वादळ, म्हणजे सौरवाऱ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडणारी खळबळ, धडकायच्या पाव ते एक तास आधी खबर लागते. बीझेड उणे झालं, म्हणजे सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, की त्याची ऊर्जा पृथ्वीच्या चुंबकीय कवचात शिरू लागते. हे ॲपने चित्र काढून समजावलंय. माझ्या नववीतल्या पुतणीला एका वाचनात कळलं.

तक्रार आहे ती अलर्टची. 10 मे 2024, आखाजीचा दिवस. बहिणी माहेरी आलेल्या, अंगणात झोका बांधलेला, गाणी चाललेली. रात्री साडेदहानंतर ॲप वाजलं: 'केपी 9. तुमच्या भागात शक्यता: जास्त.' केपी म्हणजे अशा वादळाचा जोर सांगणारी 0 ते 9 ची मोजपट्टी. सगळं घर गच्चीवर. तृतीयेची चंद्रकोर केव्हाच मावळलेली, अंधार चांगला होता. उत्तरेला पालच्या बाजूच्या डोंगरावर तांबूस कड दिसली आणि पोरींनी एकच गलका केला. तो वणवा होता. उन्हाळ्यात सातपुड्यात असे वणवे लागतात, त्यामुळे इकडच्या माणसाला हा फरक माहीत हवा. वणव्याचा उजेड नारिंगी, डोंगराच्या रेषेशी सगळ्यात जास्त, आणि वरच्या धुरात तारे बुजलेले. ऑरोरा क्षितिजापासून वरपर्यंत पसरलेली लाली असते, तिच्यातून तारे स्वच्छ दिसतात. मोबाइल दगडावर टेकवून 15 सेकंदांचा फोटो काढला की लगेच कळतं.

वादळ खोटं नव्हतं. ऑक्टोबर 2003 नंतरचं ते पहिलं जी-5, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं वादळ. लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यात त्याच रात्री उत्तर क्षितिजावर लाल प्रकाश टिपला गेला. पण हानले साडेचार हजार मीटर उंचीवर, आणि आमच्यापासून सुमारे तेराशे किलोमीटर उत्तर-ईशान्येला. तिथेही आभाळाच्या खालच्या पट्ट्यातच. इतक्या लांबून ऑरोराचा फक्त वरचा शेंडा दिसतो. तो दोनशे किलोमीटरच्याही वरच्या ऑक्सिजनचा असतो, म्हणून लाल. हिरवा खाली राहतो, क्षितिजाआड.

ॲप इथेच घोटाळा करतं. ते अक्षांश नकाशावरचा धरतं, आणि ऑरोरा चालते चुंबकीय अक्षांशाने, म्हणजे भूचुंबकीय ध्रुव धरून मोजलेल्या अक्षांशाने. भूचुंबकीय ध्रुव कॅनडाच्या बाजूला कललेला आहे, त्यामुळे भारताच्या वाट्याला कमी अंश येतात. रावेर नकाशावर 21 अंशांवर आहे, चुंबकीय हिशोबाने जेमतेम 13. मेक्सिको सिटी आमच्याहून दक्षिणेला असूनही तिथे हा आकडा 28 च्या घरात जातो. तिथल्या आणि इथल्या माणसाला एकच 'शक्यता: जास्त' पाठवणं चूकच आहे, आणि पैसे घेऊन पाठवणं तर फारच.

दुसरी अडचण केपीची. ही मोजपट्टी 9 ला संपते. 2024 चं वादळ 9, आणि त्याच्या दुप्पट जोराचं आलं तरी 9 च. आपल्यासाठी बघायचा आकडा म्हणजे डीएसटी. विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती घसरलं ते तो सांगतो, नॅनोटेस्लात मोजतात, जितका उणे तितकं वादळ मोठं. मे 2024 मध्ये तो उणे 400 च्या आसपास गेला. 4 फेब्रुवारी 1872 च्या वादळाचा अंदाज उणे 800 च्याही खालचा आहे, आणि त्या रात्री मुंबईहून ऑरोरा दिसल्याची नोंद आहे! मुंबई तर आमच्याही दक्षिणेला. त्याआधी 2 सप्टेंबर 1859 ला कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकमापकावर सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घसरण उमटली होती. म्हणून खान्देशातून कधीच दिसणार नाही असं मी कुणाला सांगणार नाही. दीडशे वर्षांत एखाद्या वेळी दिसेल, आणि त्या वेळी मी जागा असावा असं मला मनापासून वाटतं.

या ॲपमध्ये डीएसटी नाही. क्योटो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट दिसतो. सौरवारा आणि केपी अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या अंतराळ हवामान केंद्राच्या पानावर, तेही फुकट. दोन्ही पानं मी मोबाइलच्या पहिल्या स्क्रीनवर ठेवली आहेत. उणे 500 च्या खाली आकडा गेला तर मी घर उठवीन, त्याआधी नाही. पैसे खर्चायचेच असतील तर हानलेच्या प्रवासाला ठेवा. वादळ हुकलं तरी तिथलं आभाळ राखीव गडद क्षेत्राचं आहे, आकाशगंगेसाठीच जावं असं.

वर्गणी मी पुढे भरलेली नाही. चुंबकीय अक्षांश धरा आणि डीएसटी दाखवा, असं ॲपवाल्यांना लिहून कळवलंय. दोन्ही झालं तर इथे येऊन तारे वाढवीन.