छोटी ग्वालटोलीत अँबेसेडरच्या मागच्या ब्रेकचं सामान

सामानाला चार तारे, काउंटरवरच्या सल्ल्याला एक. इंदुरात व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने चाकातला ब्रेक दाबणारा), त्याचं रबर किट, होज पाइप, तांब्याचे वायसर इथे स्वस्तात जमतात. फक्त डोळ्यांत तेल घालून घ्यावेत. जुना सिलिंडर सोबत न्या, आतला व्यास व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या चिमट्याने, मोजा. ‘मोठा टाका, ब्रेक कडक लागेल’ हे ऐकू नका. मागचा सिलिंडर मोठा झाला की जोरात ब्रेक दाबताच मागची चाकं आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीचं बूड फिरतं. किटमधले रबरी कप दाबून पाहा. पाकीट नवं असलं तरी आत कडक झालेला माल निघतो. बसवताना ते पेट्रोलने धुऊ नका, फुगतात. ब्रेक ऑइलच लावा.

खरी बचत शूमध्ये, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानदार पट्ट्यांत. पत्रा वाकलेला नसेल तर नवीन जोडी कशाला? त्यावरचा घासणारा थर, म्हणजे लाइनर, बदलून घ्या. रिव्हेटची डोकी मात्र लाइनरच्या आत बुडालेली हवीत, नाहीतर ड्रमला चरे पडतात. लेथवर दोन्ही ड्रम सारखेच कापून घ्या. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून तेच सर्वांत लांब.