जमिनीखालच्या दोन वस्त्या: पहिले 'सायलो' पाहावी की 'फॉलआऊट'?

रब्बीत हरभऱ्याचं ओलित आणि थ्री-फेजची पाळी नेमकी रात्रीची. मोटार सुरू करायची, धुऱ्यावर बसायचं, मधे उठून स्प्रिंकलरचे पाइप सरकवायचे, पुन्हा बसायचं. आमच्याकडच्या पोरांच्या कानात अशा रात्री हल्ली इअरफोन असतो. मला सायन्स फिक्शनचं वेड आहे हे गावात माहीत असल्यानं विचारणाही होते. सध्या सगळ्यात जास्त विचारणा या दोन मालिकांची आहे: "भाऊ, पहिले कोनती पाहू?"

प्रश्न रास्त आहे, कारण दोन्हींचा पाया एकच. वरची दुनिया विषारी, माणसं पिढ्यान्‌पिढ्या जमिनीच्या पोटात, आणि बाहेर काय आहे याबद्दल सत्तेवरचे जे सांगतील तेच खरं. 'सायलो' मे २०२३ मध्ये ॲपल टीव्हीवर आली, 'फॉलआऊट' एप्रिल २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर. दोन्हींचे दोन-दोन सीझन येऊन गेलेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: गोष्ट म्हणून 'सायलो' कितीतरी सरस आहे. पण गोष्ट चांगली असली म्हणून ती पहिले पाहायची असं काही नसतं. कुठे बसून पाहता, कोणासोबत पाहता, यावर बरंच ठरतं.

आधी 'सायलो'. जमिनीत खोल गेलेली १४४ मजल्यांची एक प्रचंड विहीरच समजा, आत दहा हजार माणसं. लिफ्ट नाही. मधोमध गोल जिना, त्यावरून सगळी ये-जा आणि मालाची ने-आण. वरच्या मजल्यांवर महापौर आणि शेरीफची कचेरी, मधे शेती, दवाखाने, घरं, आणि अगदी तळाला वीज तयार करणारं जनित्र आणि ते सांभाळणारी मेकॅनिकलची माणसं. एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या बंडात सगळ्या जुन्या नोंदी नष्ट झाल्या म्हणे, त्यामुळे हे कोणी बांधलं, कशासाठी बांधलं, कोणालाच ठाऊक नाही. जुन्या काळातली वस्तू जवळ सापडली तर गुन्हा. मूल हवं असेल तर वरून परवानगी मिळावी लागते. (हे पाहून माझी माय म्हणाली, "पोरं होऊ द्यायचे का नाही हे बी सरकारच ठरवते काय ह्यायचं?" आणि मग तिनं पूर्ण सीझन पाहिला. भाषा कळत नव्हती, मी सांगत गेलो.)

आणि सगळ्यात मोठा नियम: "मला बाहेर जायचं आहे" हे वाक्य तोंडातून निघालं की परत घेता येत नाही. त्या माणसाला सूट घालून बाहेर काढतात आणि कॅमेऱ्याची काच पुसायला सांगतात. वरच्या कॅन्टीनमधल्या पडद्यावर सगळे पाहत असतात. तो टेकडीकडे चार पावलं चालतो आणि कोसळतो. जाणारे सांगून जातात की मी काच बिलकूल पुसणार नाही. बाहेर गेल्यावर पुसतात. का पुसतात, या एका प्रश्नावर पहिला सीझन उभा आहे, आणि उत्तर मिळतं तेव्हा आपण फसलो असं वाटत नाही. आजच्या मालिकांमध्ये हे दुर्मिळ आहे.

पण माझ्यासाठी ही मालिका तिसऱ्या भागासाठी आहे. जनित्र थरथरायला लागलंय, टर्बाइनचं एक पातं वाकलंय. दुरुस्त करायचं तर वाफ बंद करावी लागणार, आणि ती कोंडली की दाब वाढत जाणार. म्हणजे मोजकी मिनिटं हातात, आणि तेवढा वेळ वरपासून खालपर्यंत पूर्ण अंधार. ज्युलिएट ही तळातली मेकॅनिक, भूमिका रेबेका फर्ग्युसनची. ती तापलेल्या पत्र्यावर पाण्याचा फवारा मारत उभी आहे, खाली पाणी चढतंय, वर पोरं वाकलेलं पातं ठोकून सरळ करतायत. या भागात ना कोणी राक्षस येतो, ना यानं उडतात. नुसती दुरुस्ती आहे, आणि श्वास रोखून पाहावी अशी आहे. ज्यानं डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाल्यावर गावातल्या चार जणांसोबत ती गाडीत चढवलीय, नवी बसेपर्यंत वाळतं पीक पाहिलंय, त्याला हा भाग जितका भिडेल तितका शहरातल्या समीक्षकाला भिडणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

वर बसलेल्यांना जनित्र कुठे आहे हेही धड ठाऊक नसतं. दिवा लागतो एवढंच ठाऊक. आपल्याकडेही तेच: चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र सरकारी महानिर्मिती कंपनीचं सगळ्यात मोठं, धूर आणि राख आपल्या विदर्भाच्या वाट्याला, आणि शेतीपंपाला पाळी रात्रीची. 'सायलो'च्या लेखकानं, ह्यू हाऊईनं, चंद्रपूरचं नावही ऐकलं नसेल. तरी तळातल्या माणसांचा तो राग त्यानं बरोबर पकडलाय. त्यानं पहिली कथा २०११ मध्ये स्वतःच प्रकाशित केली होती, त्यावरून ही मालिका उभी राहिली.

आता 'फॉलआऊट'. हिचा बाज एकदम वेगळा. ही व्हिडिओ गेमवरून आलीय, पहिला गेम १९९७ चा. तिथली दुनिया अशी की १९५० च्या दशकातली अमेरिका तशीच पुढे चालत राहिली: तेच कपडे, तीच गाणी, तसल्याच जाहिराती, पण सोबतीला यंत्रमानव आणि अणुशक्ती. २०७७ मध्ये बॉम्ब पडतात. ज्यांच्याकडे पैसा होता ते 'व्हॉल्ट' नावाच्या भूमिगत निवाऱ्यांत जातात. गोष्ट सुरू होते २१९ वर्षांनंतर. ल्युसी नावाची व्हॉल्टमधली मुलगी बापाला शोधायला वर येते. सुसंस्कृत, हसरी, सगळ्यांना 'प्लीज' म्हणणारी, आणि वर तर लोक बाटलीच्या झाकणांसाठी एकमेकांचा जीव घेतायत. एला पर्नेलनं ही भूमिका फार गोड केलीय.

पण मालिका खाऊन टाकतो तो वॉल्टन गॉगिन्स. बॉम्ब पडण्याआधी तो सिनेमातला काउबॉय नट, नंतर नाक गळून पडलेला, दोनशे वर्षं न मेलेला 'घूल'. पहिल्याच प्रसंगात तो एका श्रीमंताच्या पोराच्या वाढदिवसाला दोरी फिरवायचे खेळ करायला आलेला असतो. त्याच्या छोट्या मुलीला सांगितलेलं असतं: बॉम्बचा ढग दिसला तर हात लांब करून अंगठा धरायचा. ढग अंगठ्यापेक्षा लहान असेल तर पळायचं, मोठा असेल तर पळायची तसदी घ्यायची नाही. मग खरोखरच क्षितिजावर ढग उठतो. मुलगी अंगठा धरते आणि बापाला विचारते, तुमचा अंगठा की माझा? या एका प्रश्नासाठी मी 'फॉलआऊट'ला बाकीचं पुष्कळ माफ करतो.

माफ करावं लागतं, कारण अर्धे विनोद आपल्यासाठी नाहीतच. त्या काळातल्या अमेरिकन जाहिरातींची टिंगल ज्यांनी त्या जाहिराती पाहिल्या त्यांनाच कळणार. पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण जिथे नाही तिथे ती नुसती सजावट वाटते. उलट व्हॉल्ट विकणारी कंपनी भीतीचाच धंदा करते, शांतता झाली तर आपलं कसं होणार म्हणून हवालदिल होते, तो भाग कुठल्याही गावात कळेल. आमच्या चौकात त्यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली.

आता मूळ प्रश्न, ओलिताच्या रात्रीचा. तिथे 'फॉलआऊट'च घ्यावी. कारणं साधी आहेत. तिच्यात तीन पात्रांच्या तीन वाटा आहेत, प्रत्येक प्रसंग आपल्यापुरता पुरा असतो. पाइप बदलायला उठलात, फोन खिशात टाकलात, पुन्हा आलात, तरी धागा सापडतो. हिंदी आवाज आहे, त्यामुळे कान पुरतो, डोळे नोझलवर ठेवता येतात. पडद्यावर भरपूर ऊन आहे, म्हणून दुपारी बाभळीच्या सावलीतही दिसते. 'सायलो'चं नेमकं उलटं. ती इतकी अंधारात चित्रित केलीय की दिवसा मोबाईलवर तुम्हाला स्वतःचाच चेहरा दिसेल. शिवाय कोणी कोणाला कोणती वस्तू दिली, चिकटपट्टी कोणत्या मजल्यावरून आली, अशा बारीकसारीक गोष्टींवर पुढचं सगळं टांगलेलं असतं. पाच मिनिटं चुकली की दोन भागांनंतर गोंधळ होतो. मी ती इंग्रजीत, खाली सबटायटल लावून पाहिली, आणि तिला तसाच निवांतपणा लागतो: घरात, रात्री जेवणं झाल्यावर, दिवा मालवून.

फक्त घरातलंच पाहायचं तर आणखी एक. 'फॉलआऊट'मध्ये रक्तमांस भरपूर आहे. कापलेली मुंडकी, उडालेले हातपाय, आणि पहिल्याच भागात सासूसासऱ्यांसमोर रिमोट शोधायला लावणारा प्रसंग. लेकरांसमोर लावूच नका. 'सायलो'ही लहान पोरांची नाही, पण मोठ्यांनी मिळून पाहायला चालते.

पैशाचं गणित असं. ॲपल टीव्ही महिन्याला ९९ रुपये. २०२५ च्या फेब्रुवारीपासून अँड्रॉइड फोनसाठी तिचं ॲप आलं, त्याआधी आपल्यासारख्यांसाठी ती असून नसल्यासारखीच होती. प्राइम महिन्याला २९९, वर्षाला १४९९, आणि जून २०२५ पासून त्यात जाहिराती घुसल्यात, त्या नको असतील तर वेगळे पैसे. अर्थात प्राइमवर बाकी सिनेमे आणि सामानाची घरपोच सोय आहे, त्यामुळे अनेकांकडे ती आधीच असते. असेल तर प्रश्नच मिटला. डेटाचं म्हणाल तर साध्या दर्जात तासाला साधारण एक जीबी धरून चला. रात्री बारानंतर नवा कोटा सुरू झाला की दोन भाग डाउनलोड करून ठेवायचे. टॉवरजवळची लाईन गेली की रेंजही जाते, हे काय सांगायला नको.

दुसरे सीझन? 'सायलो'चा दुसरा सीझन नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि मधे चांगलाच रेंगाळला. दहा भागांतले तीन सहज कापता आले असते. ज्युलिएट एकीकडे, बाकीचे दुसरीकडे, आणि जिना चढण्या-उतरण्यात दोन्हीकडे वेळ जातो. शेवट मात्र जोरदार. तिसरा आणि चौथा सीझन मंजूर आहेत, चौथ्याला गोष्ट संपणार हे जाहीर झालंय. मला हे महत्त्वाचं वाटतं, शेवट ठरवून लिहिलेल्या मालिकेत आपला वेळ बुडत नाही. 'फॉलआऊट'चा दुसरा सीझन डिसेंबर २०२५ पासून दर आठवड्याला एक भाग असा आला, गोष्ट लास वेगासकडे वळली. पहिल्याचे आठही भाग एकदम आले होते, ते ओलिताच्या हंगामाला बरं होतं.

या दोन्हींत विज्ञान फार नाही, हेही खरं. जयंत नारळीकरांच्या कथा वाचून ज्यांना या प्रकाराची गोडी लागली, त्यांना दोन्ही मालिका थोड्या उपाशी ठेवतील. त्यांनी नेटफ्लिक्सवरची 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' पाहावी, मार्च २०२४ ची, आठ भाग. तीन सूर्यांच्या ओढीत सापडलेल्या ग्रहाचं पुढे काय होईल हे कायमचं सांगणारं सूत्र नाही, या खऱ्याखुऱ्या गणिती अडचणीवर ती उभी आहे. मधले पाच मित्र मला जरा पुस्तकीच वाटले, पण सुरुवातीचा चीनमधला भाग जबरदस्त.

सिनेमांबद्दल थोडक्यात. 'ड्यून'चा दुसरा भाग मोबाईलवर पाहू नका, १६६ मिनिटांचं वाळवंट सहा इंचांत मावत नाही. मोठा टीव्ही असलेला पाहुणा गाठा. 'कल्की २८९८ एडी' हिंदीत हवा असेल तर नेटफ्लिक्स, तेलुगूत हवा असेल तर प्राइम, ही वाटणी विचित्र आहे पण आहे तशी आहे. त्यातली आटलेली गंगा आणि पाणी-हिरवळ सगळं वरच्या इमारतीत कोंडलेलं, ही कल्पना पहिल्या प्रतीची. पहिला तास मात्र नुसता हिरोच्या एन्ट्रीत जातो, अमिताभचा अश्वत्थामा आला की सिनेमा सुरू होतो.

'सायलो'साठी ९९ रुपये भरणारच असाल तर त्याच महिन्यात 'प्लुरिबस'चे नऊ भागही उरकून घ्या. नोव्हेंबर २०२५ ची, अवकाशातून आलेल्या संदेशामुळे जवळपास सगळं जग एका मनाचं आणि आनंदी होतं, आणि त्यातून सुटलेल्या मोजक्या माणसांत एक चिडकी लेखिका असते. संथ आहे, पण लेखिका झालेल्या रिया सीहॉर्नसाठी पाहण्यासारखी. आणि पैसे भरल्या दिवशीच ऑटो-पे बंद करून ठेवा. भरलेला महिना पूर्ण पाहता येतो, पुढचा मात्र खात्यातून गुपचूप जात नाही.