आदिवासी मुलांचे श्रवण : केपे येथील प्रशिक्षणाविषयी

गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप या, 2003 साली अनुसूचित जमातींत समाविष्ट झालेल्या समाजांतील कमी ऐकू येणाऱ्या मुलांना साहाय्य कसे करावे, याचे प्रशिक्षण फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचा-उपचारकांसाठी केपे येथे झाले. दक्षिण गोव्याच्या डोंगराळ तालुक्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यातील सर्वोत्तम भाग मध्यकर्णाचा होता. पडद्यामागे पाणी साचलेल्या मुलाचा कान वाहत नाही, बहुधा दुखतही नाही आणि ऐकणे मात्र कमीजास्त होत राहते. त्यामुळे ‘वर्गात लक्ष देत नाही’ असा शेरा मिळतो आणि कान तपासायचा राहून जातो. जन्मानंतरची श्रवण-चाचणी व्यवस्थित आलेल्या मुलालाही हे पुढे होऊ शकते. उशिरा चालू लागलेले किंवा सतत तोल जाणारे मूल फिजिओथेरपिस्टकडे आधी येते आणि तोल सांभाळणारे अवयव अंतःकर्णातच असतात, म्हणून अशा प्रत्येक मुलाच्या श्रवणाची चौकशी करावी, हा मुद्दा मला विशेष मोलाचा वाटला. ऑटोस्कोप (कानात पाहण्याचे उपकरण) धरण्याचा सराव, वाहता कान कोरड्या कापसाच्या वातीने टिपणे आणि त्यात तेल न घालणे, हेही नीट शिकवले.

ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल मुलांना मध्यकर्णदाह फार लहान वयात होतो, पुन्हापुन्हा होतो आणि दीर्घकाळ टिकतो. त्याची कारणे सांगताना प्रशिक्षकांनी दाटीवाटीची घरे, धूर आणि दूरची आरोग्यसेवा यांवर भर दिला व तेथील आकडे गोव्याला लावले नाहीत; हा संयम योग्यच होता.

उणीव पुढच्या टप्प्यात आहे. काणकोणच्या एखाद्या वाड्यावरून मुलाला बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) न्यायचे तर आईवडिलांची दिवसाची मजुरी बुडते आणि एका फेरीत काम संपेलच असे नाही. याचे नियोजन कसे करावे, यावर जेमतेम चर्चा झाली. सरावासाठी दिलेली चाचणीची शब्दयादीही इंग्रजी होती, तर ही मुले घरी कोकणी बोलतात. अशा यादीतून मुलाला ऐकू आले नाही की शब्दच ओळखीचा नव्हता, हे ठरवता येत नाही.

पुढील तुकडीत स्थानिक वस्तूंची चित्रे असलेला कोकणी तक्ता असावा आणि अंगणवाडी सेविकांना पहिल्या सत्रापासून सामावून घ्यावे, कारण फेरतपासणीला मूल का गेले नाही, हे सर्वांत आधी त्यांनाच कळते.