ग्राफिक डिझाईन की फाइन आर्ट? हात चांगला आहे, मग नेमकं काय बघून ठरवायचं

बारावीचा निकाल जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. मुलगी चित्रं छान काढते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे, शाळेच्या प्रत्येक बोर्डावर तिचंच काम असतं, तर आता अप्लाइड (अप्लाइड आर्ट, म्हणजे ग्राफिक डिझाईनची ब्रँच) घ्यायचं की पेंटिंग (फाइन आर्टची)? आणि घरात, नात्यात, क्लासमध्ये सगळीकडे एकच उत्तर मिळतं, पेंटिंगमध्ये पैसा नाही, अप्लाइडला नोकरी लागते, अप्लाइड घे. पैशाचा मुद्दा खराच आहे, त्यावर खाली बोलूच, पण या सल्ल्यात मुलीकडे नेमकं कुठलं टॅलेंट आहे हे कोणीच बघत नाही. चार वर्षांचं बीएफए, म्हणजे कलेची पदवी, आहे, आणि त्यानंतर अख्खं कामाचं आयुष्य, तेव्हा ते आधी बघायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं.

गोंधळ होतो कारण सुरुवातीला दोन्ही सारखंच दिसतं. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, एकच, ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाईन प्रॅक्टिकल आणि जनरल नॉलेज, तुम्ही पेंटिंगला जाणार असा की अप्लाइडला. फाउंडेशनलाही, म्हणजे पहिल्या वर्षीही, दोन्हीकडे ड्रॉइंग, कलर, टूडी-थ्रीडी हेच चालू असतं. त्यामुळे ज्याचा हात चांगला त्याला दोन्ही जमेल असं वाटत राहतं आणि खरा फरक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळतो, तोपर्यंत ब्रँच बदलणं अवघड झालेलं असतं.

माझ्या मते फरक इथे आहे. ग्राफिक डिझाईनमध्ये प्रश्न दुसऱ्याचा असतो, आणि तो नीट ऐकून घेऊन सोडवायची आवड हेच तिथलं टॅलेंट. फाइन आर्टमध्ये प्रश्न कोणी देतच नाही, तो स्वतःच शोधायचा आणि कोणी विचारत नसताना वर्षानुवर्षं त्याच्यामागे राहायचं, ती चिकाटी आणि ती ओढ हे तिथलं टॅलेंट. हात दोघांनाही लागतो पण तो नुसता हात आहे.

एक उदाहरण सांगते. सरकारी हॉस्पिटलसाठी 'रक्त तपासणी'ची पाटी करा अशी असाइनमेंट होती. एका मुलाने रक्ताचा थेंब इतका सुंदर रंगवला, चकाकी, सावली सगळं, की वर्ग बघत राहिला. दुसरी एक मुलगी, ड्रॉइंग तसं बेताचंच, ती आधी हॉस्पिटलमध्ये जाऊन आली. कॉरिडॉरमध्ये माणूस कुठे थबकतो, पाटी किती लांबून दिसते, बरोबर आलेल्या आजीला वाचता येत नसेल तर ती कुठल्या खुणेवर जाईल, बाण डावीकडे दाखवला आणि दरवाजा वळणानंतर असेल तर लोक चुकतात का, हे सगळं बघून आली आणि मग एक ठळक बाण, एक साधी हाताची आणि सुईची खूण आणि मोठी अक्षरं एवढंच केलं. पाटी म्हणून तिचं काम खूपच सरस होतं. पण त्या मुलाला टॅलेंट नव्हतं असं अजिबात नाही हं, तो थेंबात रमला होता, त्याला चकाकी कशी दिसते हेच बघायचं होतं, आणि ती पेंटरची नजर आहे. त्याला अप्लाइडमध्ये ढकललं होतं एवढंच.

डिझाईनमधलं टॅलेंट बरेचदा दिसतच नाही, कारण काम चांगलं झालं की ते साधं वाटायला लागतं. स्टेट बँकेचा निळा गोल आणि त्यातली ती चीर बघा, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईनच्या (एनआयडी) शेखर कामत यांचं 1971चं काम. पासबुकवर, रस्त्यावरच्या भल्यामोठ्या बोर्डवर, आता मोबाईलच्या स्क्रीनवर नखाएवढ्या जागेत, सगळीकडे ते चालतं. लोकांना वाटतं यात काय काढलंय, पण काय काय काढून टाकलं असेल याचा विचार करा. रुपयाचं चिन्हही तसंच, 2010 साली आलं, आयआयटी मुंबईत शिकलेल्या उदय कुमार यांनी केलं, देवनागरी र आणि रोमन आर दोन्ही त्यात दिसतात, वर शिरोरेघ आहे, आणि भाजीवाल्यालाही पाटीवर खडूने झटकन लिहिता येतं. शेवटचा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे.

मराठीत काम करणाऱ्या डिझायनरला तर अजून एक कान लागतो, म्हणजे डोळाच पण अक्षरांसाठीचा. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजीच्या हिशोबाने ओळींमधलं अंतर ठेवलं की वरच्या ओळीतल्या 'कृ'चा ऋकार खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या रफारावर आदळतो. गावोगावच्या फ्लेक्सवर हे रोज दिसतं. हे बघून ज्याला खरंच अस्वस्थ व्हायला होतं, जो उभा राहून मनातल्या मनात ते अंतर दुरुस्त करतो, त्याच्यात ही चीज आहे असं समजा. आर. के. जोशींनी (1936–2008) आयुष्य या अक्षरांना दिलं, जाहिरात क्षेत्रात काम केलं, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागात शिकवलं, आणि विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचाच. किती लाख लोकांनी त्यांच्या अक्षरात अर्ज, पत्रं, निबंध टाईप केले असतील आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांचं नावही माहीत नाही. हे पचवता येणं हा पण डिझायनरच्या स्वभावाचा भाग आहे. काम वापरलं जावं, सही नसली तरी चालेल.

आता दुसरी बाजू. चित्रकार वासुदेव गायतोंडे (1924–2001), मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948ला बाहेर पडले, पुढे रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला जाऊन आले, आणि वर्षाला मोजकेच, पाच-सहा कॅनव्हास करायचे. रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, कागद दाबून उचलायचा, पुन्हा थर, आणि मध्ये नुसतं बघत बसणं, खूप बसणं. कुठला क्लायंट नाही, डेडलाइन नाही, अमुक पाहिजे असं कोणी सांगितलेलं नाही. 2014मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन केलं, तेव्हा त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती. मी हे घाबरवायला सांगत नाहीये. सांगायचं हे की असं एकटं राहून एकाच गोष्टीला चिकटून बसणं ही सुद्धा प्रतिभाच आहे, आणि ती चित्र 'हुबेहूब' येण्यापेक्षा कितीतरी दुर्मिळ आहे. हुबेहूब हेड स्टडी (समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याचं चित्र) सरावाने येते, मनापासून मेहनत केली तर बऱ्याच जणांना येते. पण मॉडेल उठून गेल्यावर, सबमिशन संपल्यावर, मार्क मिळून गेल्यावर सुद्धा त्या गालाखालच्या सावलीत हिरवट काय दिसत होतं हे ज्याला सोडवत नाही आणि जो सुट्टीत परत तेच रंगवतो, त्याला पेंटिंगला पाठवाच, प्लीज.

करेक्शनचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि ॲडमिशनच्या वेळी कोणी बोलत नाही. डिझाईनमध्ये तुमचं काम दहा जण बदलायला सांगणार. लोगो मोठा करा, लाल नको, साहेबांचा फोटो वर घ्या. यातली काही करेक्शन्स वाईट असतात, पण बरीचशी खरोखर उपयोगाची असतात कारण समोरच्याला त्याचा धंदा आणि त्याचं गिऱ्हाईक माहीत असतं. चांगला डिझायनर त्यामागचं दुखणं ओळखतो, लोगो मोठा करा म्हणजे बहुतेक वेळा नाव लांबून दिसत नाहीये, मग तो आजूबाजूची गर्दी कमी करतो आणि नाव आपोआप दिसायला लागतं. अशा वेळी ज्याला डोकं चालवायला मजा येते त्याने डोळे मिटून अप्लाइड घ्यावं. आणि ज्याला प्रत्येक करेक्शन म्हणजे अंगावरचं कातडं ओढल्यासारखं होतं त्याने आधी थांबून विचार करावा, पगार कितीही असला तरी. पेंटरला करेक्शन नसतं असं नाही, पण ते स्वतःचं स्वतःला द्यायचं असतं आणि तिथे फसवायलाही आपणच असतो, त्यामुळे ते जास्त कठीण.

मग दोन्ही असलेली माणसं नसतात का? असतात की. आपल्याकडे तर परंपराच आहे. चित्रकार म. वि. धुरंधर जे.जे.त शिकवायचे, मोठी पेंटिंग्ज करायचे आणि पोस्टर, पोस्टकार्डं, पुस्तकातली चित्रंही करायचे. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. प्रभाकर बरवे कितीतरी वर्षं विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये कापडाच्या डिझाईनचं काम करत होते आणि बरोबरीने स्वतःचं पेंटिंग. दीनानाथ दलाल आणि मुळगावकर यांच्या कॅलेंडरांनी आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी तर घराघरात चित्र पोचवलं, त्यांना कुठल्या खोक्यात टाकायचं हा वादच मला निरर्थक वाटतो. पण बरवेंच्या बाबतीत एक बघा, डिझाईनची नोकरी असूनही त्यांच्या कॅनव्हासमधलं घड्याळ, पान, शिंपला हे कोणाच्या ब्रीफमधून, म्हणजे क्लायंटने सांगितलेल्या कामातून, आलेलं नाही. दोन्ही करता येतं, फक्त कुठलं आपल्याला सोडवत नाही ते माहीत पाहिजे.

पैशाचं थोडक्यात. डिझाईनमध्ये सुरुवातीचा पगार लहान असतो पण महिन्याला येतो, आणि ॲप-वेबसाइटकडे गेलं तर वाढतो. फाइन आर्टमध्ये रंग, कॅनव्हास, फ्रेमिंग हे आधी खिशातून, गॅलरीतून विकलं तर तिचं कमिशन मोठं, आणि जहांगीर आर्ट गॅलरीचं बुकिंग मिळायला वर्षं लागतात. म्हणून बरेच पेंटर शाळा-कॉलेजात शिकवतात किंवा ऑर्डरची कामं घेतात. घरची परिस्थिती अशी असेल की चार वर्षांनी पगार लागणारच आहे, तर अप्लाइड घेऊन पेंटिंग चालू ठेवणं हा चांगला रस्ता आहे, त्यात कमीपणा काहीही नाही. एआयमुळे नुसतं गुळगुळीत चित्र आता कोणीही काढून घेतं, त्यामुळे फक्त सफाईदार हातावर उभं राहणं दोन्हीकडे अवघड झालंय, म्हणून वर जे लिहिलं ते आता जास्तच लागू आहे.

अजून ठरत नसेल तर सुट्टीत दोन कामं करून बघा. एक, ओळखीच्या दुकानाचं मेनूकार्ड किंवा दरपत्रक खरंखुरं करून द्या, मालक म्हणेल ते बदल करा, छापून आणा. दोन, घरातली एकच वस्तू घ्या, पितळी तांब्या चालेल, आणि कोणाला न दाखवता रोज रंगवा. कशात वेळ कसा गेला कळलं नाही आणि कशात सारखं घड्याळाकडे लक्ष गेलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवा. आणि फॉर्म भरायच्या आधी एकदा कॉलेजांची वार्षिक प्रदर्शनं बघून या, जे.जे.ला अप्लाइड आणि फाइन आर्ट शेजारी-शेजारी आहेत, एका दिवसात दोन्ही होतं. अप्लाइडच्या मुलांना विचारा की ब्रीफ काय होतं आणि आधीचे किती लेआउट फेकले, आणि पेंटिंगच्या मुलांना विचारा की पुढचं काय सुचतंय. कुठल्या मुलांशी बोलणं लांबतंय, तिथे पहिला प्रेफरन्स भरा.