ईट अ पीच की ब्रदर्स अँड सिस्टर्स : ऑलमन ब्रदर्सचा कोणता अल्बम आधी घ्यावा?

ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडची एकच रेकॉर्ड घ्यायची, पण समोर दोन आहेत, अशा पेचात पडलेल्या मित्रांनी मला अनेकदा विचारलं आहे. ‘ईट अ पीच’ की ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’? दोन्ही अल्बम घरातलं माणूस गेल्यावर पूर्ण झालेले. एक फेब्रुवारी १९७२ मध्ये आला, दुसरा ऑगस्ट १९७३ मध्ये. दुसरा येईपर्यंत या मंडळींनी एक नाही, दोन साथीदार गमावले होते. माझं उत्तर ठरलेलं आहे, पण ते पटायचं तर आधी काय घडलं ते माहीत हवं.

२९ ऑक्टोबर १९७१. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं मेकन शहर. बँडचा गिटारवादक डुएन ऑलमन मोटरसायकलवरून चालला होता. समोर क्रेन वाहून नेणारा ट्रक आला आणि अपघातात डुएन गेला. वय २४, पंचविशीला तीन आठवडे बाकी. बँड त्यानेच जमवला होता आणि आवाज होता त्याच्या धाकट्या भावाचा, ग्रेगचा. डुएन स्लाइड गिटार वाजवायचा ती सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घालून. ती बाटली तारेवरून घसरली की जो सूर निघतो, त्यात आपल्याला मींड ओळखीची वाटते. गिटार गाते म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने डुएनला ऐकावं.

त्या वेळी ‘ईट अ पीच’चं काम अर्ध्यावर होतं. त्यामुळे या अल्बममध्ये दोन काळ शेजारी शेजारी बसले आहेत. काही गाणी डुएन असतानाची, तीन तो गेल्यानंतर मायामीच्या क्रायटीरिया स्टुडिओत केलेली, आणि बाकीचं न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधल्या मैफिलींचं ध्वनिमुद्रण. अल्बम उघडतो तो त्याच्या जाण्यानंतरच्या गाण्याने, ‘एन्ट वेस्टिन टाइम नो मोअर’. लिहिलं ग्रेगने, भाऊ गेल्यावर लगेच. स्लाइड वाजवली आहे बँडचा दुसरा गिटारवादक डिकी बेट्स याने, कारण आता ती वाजवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्यात रडणं नाही. पियानो पुढे रेटतो आणि ग्रेगचा आवाज दात-ओठ खाऊन गातो. त्याच बाजूवर ‘मेलिसा’ आहे. ग्रेगने ते बँड होण्याच्याही आधी लिहिलं होतं. डुएनचं ते लाडकं, म्हणून ग्रेगने ते त्याच्या अंत्यविधीला गायलं आणि मग अल्बममध्ये घेतलं. हे कळल्यानंतर ते गाणं मला पूर्वीसारखं ऐकता आलेलं नाही.

‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ची कहाणी वेगळी. १९७२च्या शरद ऋतूत मेकनमध्येच, कॅप्रिकॉर्न या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत काम सुरू झालं. दोन गाणी झाली आणि ११ नोव्हेंबरला बास गिटार वाजवणारा बेरी ओकली गेला. तोही मोटरसायकलवर, तोही चोविसाव्या वर्षी, डुएनच्या अपघाताच्या जागेपासून जेमतेम तीन चौक पुढे. पहिली दोन गाणी, ‘वेस्टेड वर्ड्स’ आणि ‘रॅम्बलिन मॅन’, ऐकताना खालचा बास बेरीचा आहे हे लक्षात ठेवा. तिसऱ्या गाण्यापासून लमार विल्यम्सचा बास सुरू होतो. सलग ऐकलं तर जोड दिसत नाही, पण ती तिथे आहे.

आता खरा फरक सांगतो, कारण निवड त्यावरच करायची आहे. डुएनच्या जागी त्यांनी दुसरा गिटारवाला कायमचा घेतला नाही. त्यांनी पियानो आणला. तो वाजवणारा चक लेव्हेल तेव्हा वीस वर्षांचा होता. दोन गिटारांची जुगलबंदी हा ज्या बँडचा प्राण, त्यांनी एक गिटार उणी ठेवली आणि ती जागा वेगळ्याच वाद्याने भरली. हा निर्णय मला फार मोठा वाटतो. त्या जागेवर कोणीही आलं असतं तरी त्याची तुलना डुएनशीच झाली असती.

म्हणून ‘ईट अ पीच’मध्ये गेलेला माणूस हजर आहे, आणि ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’मध्ये त्याची जागा तशीच ठेवून घर पुन्हा उभं केलेलं आहे.

याचा पुरावा दोन रचनांत मिळतो. ‘ईट अ पीच’मधलं ‘ब्लू स्काय’ घ्या. गाणं डिकीचं, गायलंही त्यानेच. कडवं संपलं की आधी डुएनची गिटार येते, मोकळी, उन्हातल्या पाण्यासारखी. मग दोघे काही क्षण एकच ओळ सुरात सूर मिळवून वाजवतात, आणि तिथून डिकी ती ओळ पुढे नेतो. ती हातातून हातात जाण्याची जागा सापडेपर्यंत मी ते गाणं कितीदा ऐकलं असेन! सुरुवातीला दोन वेगळे वादक आहेत हेसुद्धा मला कळलं नव्हतं. आता डुएन थांबतो तो क्षण आधीपासून जाणवतो आणि पोटात कालवतं.

दुसरीकडे ‘जेसिका’. साडेसात मिनिटं, शब्द एकही नाही. डिकीची लहान मुलगी घरात रांगत-नाचत होती, तिच्याकडे बघत त्याने धून बांधली आणि नाव तिचंच दिलं. त्याच्या मनात जँगो राइनहार्ट होता, डाव्या हाताची दोनच बोटं नीट चालत असूनही जॅझ गिटार गाजवणारा. धून दोन बोटांनी वाजवता यावी, असा डिकीचा प्रयत्न होता. मध्यावर चकचा पियानो सुटतो तो ऐकून खुर्चीत बसवत नाही. दोन मित्र गमावलेल्या माणसांनी इतकी आनंदी धून केली, याचं मला आजही नवल वाटतं.

लोकप्रियतेत ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ पुढे आहे. अमेरिकेत तो पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होता आणि ‘रॅम्बलिन मॅन’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. ‘ईट अ पीच’ चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. पण निवड करताना हे आकडे बाजूला ठेवा, वेळ बघा. ‘ब्रदर्स’ सुमारे ३८ मिनिटांचा, सात गाण्यांचा, सुटसुटीत. ‘ईट अ पीच’ दुहेरी, सत्तर मिनिटांच्या आसपास, आणि त्यातला जवळजवळ अर्धा वेळ एकटं ‘माउंटन जॅम’ घेतं.

या ‘माउंटन जॅम’मुळेच पुष्कळ जण बिचकतात. साडेतेहतीस मिनिटं! मार्च १९७१ची फिलमोरची मैफल. डोनोव्हन या गायकाच्या एका छोट्या गाण्याची चाल धरून सहा जण ती फुलवत नेतात. ऑर्गन, मग दोन ड्रमवाले बुच ट्रक्स आणि जेमो, मग बेरीचा एकट्याचा बास, मग पुन्हा गिटारी. ज्याचे कान ख्यालाला सरावले आहेत त्याला ही लांबी जड जाऊ नये, कारण इथेही बढत आहे, घाई नाही. मात्र व्हिनाइल घेणार असाल तर एक सांगून ठेवतो. तिथे ही रचना तोडलेली आहे, अर्धी दुसऱ्या बाजूवर आणि अर्धी चौथ्या. रंगात येता येता आवाज विरतो, तुम्ही उठता, तबकडी बदलता, सुई ठेवता. तेवढ्यात तार तुटते. सीडीवर ती अखंड आहे. तेव्हा ‘ईट अ पीच’ सीडीवर किंवा स्ट्रीमिंगवर ऐका आणि व्हिनाइलचे पैसे ‘ब्रदर्स’वर घाला. त्याचं पाकीटही हातात धरण्यासारखं आहे. पुढे पानगळीत उभा बुच ट्रक्सचा मुलगा, मागे बेरीची मुलगी, आणि आत बायकामुलांसह अख्ख्या गोतावळ्याचा मोठा फोटो.

कमी पडतं ते दोन्हीकडे. ‘ब्रदर्स’मधलं ‘जेली जेली’ मला लांबलेलं वाटतं. चांगला ब्लूज आहे, पण डुएन असता तर इथे काय झालं असतं हा विचार नेमका याच गाण्यात डोकं वर काढतो. ‘ईट अ पीच’ला एकसंधपणा नाही. मैफल, स्टुडिओ, आधीचं, नंतरचं असं सगळं एकत्र आहे. मला तो दोष वाटत नाही, पण नव्या श्रोत्याला खटकू शकतो.

तर मग कोणी काय घ्यावं? सदर्न रॉक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं हे असं रॉक, कधीच ऐकलं नसेल, लांबच्या प्रवासात लावायला काही हवं असेल, घरातल्या सगळ्यांना आवडावं असं वाटत असेल, तर ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’. गिटार वाजवत असाल, शिकत असाल किंवा एखादा अल्बम वर्षानुवर्षं सोबत राहावा असं वाटत असेल, तर विचार न करता ‘ईट अ पीच’. माझ्याकडे एकच ठेवायची वेळ आली तर मी तोच ठेवीन.

फक्त पहिल्याच दिवशी सुरुवातीपासून लावू नका. तिसऱ्या बाजूपासून लावा. फिलमोरमधलं ‘वन वे आउट’, मग ‘ट्रबल नो मोअर’, ‘स्टँड बॅक’, ‘ब्लू स्काय’. आणि त्या बाजूचं शेवटचं, ‘लिटल मार्था’. डुएनने एकट्याने रचलेली या बँडची ही एकच रचना. दोन साध्या अकुस्टिक गिटारी, एक त्याची, एक डिकीची, बाकी कोणीच नाही. दोन मिनिटांत संपते. ती संपली की लगेच दुसरं काही लावू नका.