गुलाबी कमोड, पिस्ता टाइल्स आणि भाड्याचं घर: एपॉक्सी ग्राउट, टाइल पेंट की स्टिकर?

नाशिकच्या सिडको, कॉलेज रोड, नाशिकरोड भागातल्या जुन्या इमारतींत भाड्याने घर घेतलं की 4 बाय 6 फुटांच्या बाथरूममध्ये बऱ्याचदा रंगीत भांडी निघतात. गुलाबी कमोड, त्याच रंगाचं बेसिन आणि छातीपर्यंत पिस्ता किंवा आकाशी टाइल्स. भांडी बदलायला घरमालक तयार नसतो आणि 11 महिन्यांच्या करारावर तेवढा खर्च भाडेकरूलाही परवडत नाही. अशा बाथरूमसाठी दुकानदार तीन गोष्टी पुढे करतात: विनाइल स्टिकर, दोन भागांचा टाइल पेंट आणि एपॉक्सी ग्राउट, म्हणजे टाइलमधले सांधे भरायचा माल. तिन्हींत पैसे वसूल होतात ते ग्राउटमध्ये. पेंट एका अटीवर चालतो. स्टिकर ओल्या भिंतीला लावूच नये.

या बाथरूम कळकट दिसतात त्या सांध्यांमुळे. पांढऱ्या सिमेंटचे सांधे साबण, तेल आणि बोअरच्या पाण्यातले क्षार पिऊन काळपट-पिवळे होतात, टाइलची चकाकी मात्र बहुतेक वेळा शाबूत असते. सांधे नवे झाले की तोच पिस्ता रंग मुद्दाम निवडल्यासारखा दिसतो.

एपॉक्सी ग्राउट तीन भागांत येतो: रेझिन, त्याला घट्ट करणारा हार्डनर आणि रंगीत भुकटी. किती लागेल ते टाइलच्या मापावर ठरतं. 4 बाय 6 ची जमीन आणि चारही भिंतींना 4 फूट उंचीची टाइल धरली तर दार वगळून साधारण 94 चौरस फूट होतात. सांधा 2 मिमी रुंद आणि 3 मिमी खोल खरवडला, तर 8 बाय 12 इंची टाइलला 1 किलो पुरतो, 6 बाय 6 ला दीड किलो आणि 4 बाय 4 ला 2 किलो. लहान टाइलला सांधे जास्त, म्हणून माल जास्त. हे गणित न करता एकच डबा आणला की नेमका शेवटच्या भिंतीला माल संपतो, आणि दुसऱ्या लॉटच्या रंगात किंचित फरक पडू शकतो.

खरी मेहनत खरवडण्यात आहे. हेक्सॉ ब्लेडचा तुकडा एका टोकाला कापडात गुंडाळून सांध्यात ओढायचा. ग्राइंडर लावायचा मोह होतो, पण त्याने टाइलची कड उडते, आणि त्या मापाची, त्या रंगाची टाइल आता दुकानात मिळत नाही. त्याआधी क्षारांचे पांढरे डाग काढून घ्या: 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व, 20 मिनिटं ठेवून नायलॉनच्या घासणीने घासायचं. तारेची घासणी नको, आणि त्याच वेळी ब्लीचिंगचं पाणी तर अजिबात नको. आम्लाशी मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. शेवटी सांध्यातली धूळ रंगाच्या सुक्या ब्रशने काढायची आणि रात्रभर टेबल फॅन लावून सांधे सुकवायचे. ओल्या सांध्यात एपॉक्सी धरत नाही.

माल एका वेळी पाव किलोच कालवा. गुठळी न राहता एकजीव झाला पाहिजे, आणि तिन्ही भागांचं प्रमाण वजनकाट्यावरच मोजायचं. हार्डनर कमी पडला तर सांधा महिनोन्महिने चिकट राहतो. रबरी पट्टी तिरकी धरून भरायचं, आणि साधारण 10 चौरस फूट झालं की लगेच ओल्या स्पंजने पुसायचं. इथेच सगळ्यात जास्त काम बिघडतं. टाइलवर राहिलेला पातळ थर दुसऱ्या दिवशी दगडासारखा होतो आणि साध्या पाण्याने निघत नाही. म्हणून दोघं हवेत: एक भरणारा, एक मागून पुसणारा.

आणखी एक गोष्ट विकणारे क्वचित सांगतात. जुन्या टाइलच्या चकाकीवर केसासारख्या बारीक भेगांची जाळी असेल, तर गडद ग्राउटचा रंग त्या भेगांत शिरतो आणि कायम राहतो. टॉर्च तिरका धरून आधी बघा, दाराआडच्या एका टाइलवर करून पाहा. जाळी दिसली तर फिकट रंगच घ्या. रंगाबद्दल आमचं मत पक्कं आहे: गुलाबीजवळ शुभ्र पांढरा घेऊ नका, त्याने गुलाबी मळका दिसतो, फिकट राखाडी किंवा हस्तिदंती घ्या. पिस्त्यालाही राखाडीच शोभतो. आकाशी टाइलला मात्र पांढरा छान दिसतो.

नाशिकच्या हवेचा हिशेब धरायला हवा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली जातो, तेव्हा एपॉक्सी फार सावकाश घट्ट होतो. पावसाळ्यात सांधे सुकत नाहीत. फेब्रुवारी-मार्च उत्तम, एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर सकाळी लवकर, कारण उन्हाच्या वेळी कालवलेला माल हातातच घट्ट व्हायला लागतो. बाथरूम एकच असेल तर एका शनिवार-रविवारी भिंती आणि पुढच्या आठवड्यात जमीन असं करा. किमान 24 तास पाणी नको, आणि डब्यावर जास्त मुदत लिहिली असेल तर तीच पाळा.

टाइल पेंटचं काम दिसतं सोपं, पण आधी चकाकी 220 नंबरच्या पॉलिश पेपरने मारावी लागते, तेलकटपणा पूर्ण काढावा लागतो, दोन पातळ हात द्यावे लागतात आणि नंतर बरेच दिवस कोरडं ठेवावं लागतं. एकच बाथरूम असलेल्या घरात हे जमत नाही, म्हणून दुसरी मोरी असेल तरच पेंटच्या वाटेला जा. शिवाय हा बदल परत फिरवता येत नाही. बादली ओढली जाते त्या जमिनीवर आणि कमोडच्या आत तो टिकत नाही. आम्लाचा क्लीनर लागला की पापुद्रे सुटतात. बेसिनखालच्या कोरड्या भिंतीपुरता मात्र तो बरा आहे.

स्टिकरच्या कडेतून पाणी आत जातं, गीझरच्या वाफेने डिंक सैल होतो आणि मागे काळी बुरशी धरते. लावायचेच असतील तर दाराला किंवा आरशाच्या कपाटाला लावा. घर सोडताना हेअर ड्रायरने गरम करून हळू ओढले तर निघतात.

भांड्यांचा रंग तसाच राहू द्या. कमोडला मिळताजुळता गुलाबी सीट कव्हर शोधत बसू नका, थोडासा वेगळा गुलाबी अगदी वाईट दिसतो. सरळ पांढरं घ्या. दुकानात जाण्याआधी दोन मापं घ्यायची: मागच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर, आणि त्या भोकांपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी. बेसिनवरचा उभा नळ (पिलर कॉक) बदलता येतो. जुना पिशवीत जपून ठेवा, घर सोडताना परत लावायला. पण पाइप जुन्या जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतील, तर भिंतीतल्या अँगल कॉकला (नळाचं पाणी बंद करायच्या छोट्या कॉकला) हात लावू नका. गंजलेलं निप्पल, म्हणजे जोडणीचा पाइपचा तुकडा, आतच तुटतो आणि भिंत फोडावी लागते.

बेसिन आणि भिंतीच्या फटीत मात्र ग्राउट भरू नये, तिथे हालचाल होऊन तो तडकतो. बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉनची एक नळी पुरे. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून भरायचं आणि ओलं असतानाच टेप काढायची.

खालच्या घरात गळती असेल तर ग्राउटने ती थांबेल असं घरमालकाला सांगू नका. नाहणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवती किंवा जमिनीखाली गळत असेल तर ते प्लंबरचं काम. सांध्यांच्या कामासाठी लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सॲपवरची चालेल. सोबत सध्याच्या सांध्यांचे फोटो आणि ग्राउटच्या रंगाचं नाव पाठवा. खर्चातला वाटा मागायचा तर तो आधीच ठरवा. माल घेताना डब्यावरची तारीख पाहा, हार्डनरची बाटली हलवून बघा. तो गोठल्यासारखा वाटला तर दुसरा डबा मागा.